बेकारी भत्त्यासाठी ईएसआयचे दिवस कसे मोजावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कामगाराच्या पगारातून ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्याला दवाखान्याच्या सोयीबरोबरच नोकरी गेल्यानंतरच्या भत्त्याचाही हक्क असतो. हा भत्ता देणारी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून चालू आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते आणि २०२४ मध्ये दिलेली वाढ ३० जून २०२६ पर्यंतची आहे. म्हणून नोकरी गेल्याची तारीख चालू मुदतीत बसते का, हे अर्जापूर्वी पाहावे.

पात्रता ठरते ती किती रुपये भरले यावर नव्हे, तर किती दिवसांची वर्गणी जमा आहे यावर. वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेकारीच्या आधीची किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी असावी लागते, लगतच्या कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते आणि त्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एकात पुन्हा किमान ७८ दिवस लागतात. समजा, फौंड्रीतील एका कामगाराला डिसेंबर २०२५ मध्ये कामावरून कमी केले. त्याने प्रथम एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हे सहा महिने तपासावेत आणि मग ऑक्टोबर २०२३ पासूनच्या आधीच्या तीन कालावधींकडे वळावे.

दिवस मोजताना बहुतेकांची चूक होते ती येथेच, कारण केवळ यंत्रावर उभे राहिलेले दिवस धरले जातात असा समज आहे. प्रत्यक्षात ज्या दिवसाचे वेतन मिळते तो दिवस मोजला जातो. त्यामुळे पगारी साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी आणि भरपगारी रजा यांचे दिवस जमेस धरावेत. ऑर्डर नसल्यामुळे ले-ऑफ दिला, म्हणजे काही काळ कामाविना घरी बसवले असेल, तर त्या काळाची भरपाईही कायद्याने वेतनच ठरते. बिनपगारी रजा आणि खाडे मात्र गणतीत येत नाहीत. पगार मध्येच २१,००० रुपयांच्या मर्यादेपुढे गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, हेही लक्षात ठेवावे.

कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के अशी वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून १५ तारखेनंतर ईएसआयच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने नोंद पाहण्याची सवय नोकरी हातात असतानाच लावावी. ठेकेदार बदलला की नवा क्रमांक काढून देण्याची वाईट पद्धत आहे. त्यामुळे दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि पात्र माणूसही कागदावर अपात्र दिसतो. असे झाले असल्यास शाखा कार्यालयाला लेखी कळवावे. पगारातून कापलेली रक्कम भरलीच गेली नसेल, तर पगारपत्रके व हजेरी कार्ड हाच पुरावा ठरतो. मालकाच्या कसुरीमुळे हक्क बुडत असेल, तर महामंडळ लाभ देऊन रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते.

साखर कारखाना किंवा गुऱ्हाळ यांसारख्या केवळ हंगामी कारखान्यांना ईएसआय लागूच नाही, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातील मोठा कामगारवर्ग या लाभाबाहेर राहतो. गैरवर्तनाबद्दल काढलेल्या, वयोमानाने निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगारालाही हा भत्ता मिळत नाही.

रक्कम काढण्यासाठी चार कालावधींतील एकूण वेतनाला ७३० ने भागून सरासरी दैनिक वेतन काढतात आणि त्याच्या ५० टक्के भत्ता देतात. एकूण वेतन २,९२,००० रुपये असेल, तर सरासरी ४०० रुपये, रोजचा भत्ता २०० रुपये आणि ९० दिवसांचे १८,००० रुपये होतात. भाजक कायम ७३० असल्यामुळे खाडे झाले की सरासरीही घसरते. हे ९० दिवस साऱ्या आयुष्यासाठी मिळून आहेत.

नोकरी सुटल्यापासून ३० दिवस उलटल्यावर दावा करता येतो. तो संकेतस्थळावर भरून आधार व बँक पासबुकाच्या प्रतींसह शाखा कार्यालयाकडे द्यावा. जुन्या मालकाची शिफारस लागत नाही आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. कारखानाच बंद पडला असेल किंवा कायदेशीर कामगारकपात झाली असेल, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता देणाऱ्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी त्याच खिडकीवर आधी करावी.