तलावपाळीची दिवाळी पहाट: जुन्या ठाण्यात येताना या चुका टाळा

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून, फराळाच्या डब्यातली चकली तोंडात टाकून निम्मं ठाणं तलावपाळीकडे, म्हणजे मसुंदा तलावाच्या काठाकडे निघतं. बांदोडकर आणि जोशी-बेडेकर कॉलेजांची पोरंपोरी, त्यांचे शाळासोबती, नोकरीसाठी बाहेरगावी गेलेले आणि दिवाळीपुरते घरी आलेले, सगळे एकाच वेळी एकाच रस्त्यावर. हल्ली घोडबंदर, ऐरोली, डोंबिवलीहूनही मंडळी येतात आणि परतताना कुरकुरतात: गाडी अडकली, काही दिसलं नाही, नुसती रेटारेटी होती.

कुरकुर खोटी नाही, पण तिचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. खाडीकडचा किल्ला, मसुंदा तलाव आणि स्टेशन यांच्यामध्ये वसलेलं हे जुनं गाव. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथे आली, तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हतीच. रस्ते त्याच मापाचे आहेत. स्टेशन, जांभळी नाका, कोपिनेश्वराचं मंदिर, तलावपाळी, राम मारुती रोड हे सगळं वीसेक मिनिटांच्या चालीत आटोपतं. चालायची तयारी ठेवून आलात तर अर्धे प्रश्न उगवतच नाहीत.

गाडी आत घालू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहाटेपासून तलावपाळी आणि राम मारुती रोडच्या आसपासची वाहतूक वळवली जाते. कुठला रस्ता किती वाजेपर्यंत बंद, हे वाहतूक पोलीस आधी जाहीर करतात. ते वाचून निघा. मोबाइलमधल्या नकाशाला बॅरिकेड दिसेलच असं नाही. गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळावर भिस्त ठेवून येणारेही बरेच. तिथे जागा मिळाली तरी नऊनंतर बाहेर पडताना घाम फुटतो.

ऐरोली-रबाळेवाल्यांनी सरळ ट्रान्स हार्बर लोकल धरावी. या गाड्या ठाण्यात पूर्वेकडच्या फलाटांवर लागतात, त्यामुळे पश्चिमेला उतरायला पूल पार करण्याचा वेळ हिशेबात धरा. शिवाय सणाला लोकल पुष्कळदा रविवारच्या वेळापत्रकानं धावतात, म्हणजे नेहमीची गाडी असेलच असं नाही. २०२६ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ नोव्हेंबरला, रविवारीच आहेत. घरी संध्याकाळची पूजा असेल तर दुपारपर्यंत भटकायचा बेत आखू नका.

आणि गाडी आणलीच, अडकलीच, तर? हॉर्न वाजवत पुढे रेटू नका. पहिलं वळण मिळेल तिथून हरिनिवास चौकाच्या पलीकडे पाचपाखाडीच्या बाजूला काढा, रीतसर जागा बघून लावा आणि चालत या.

नऊला येऊन पहाट शोधू नका

एका सकाळीत इथे दोन वेगळ्या दिवाळ्या होतात, आणि चुकीच्या दिवाळीला आलेला माणूस वैतागतो. साडेपाच-सहाला कोपिनेश्वराचं दर्शन, तलावाकाठचे दिवे, सुरांचे कार्यक्रम, नऊवारी नेसलेल्या आज्या. उजाडलं की सूर बदलतो. मग व्यासपीठांवर मोठे स्पीकर, राजकीय पक्षांचे फलक, राम मारुती रोडवर कॉलेजच्या पोरांचा पूर आणि दर दहा पावलांवर सेल्फीसाठी थबकलेला घोळका. मला विचाराल तर पहिली दिवाळी जास्त गोड, पण विशीत असतो तर उत्तर वेगळं दिलं असतं. आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी मात्र सातच्या आत तलावपाळी उरकावी. तान्ह्या बाळाला त्या स्पीकरपुढे उभं करणं हा निव्वळ अविचार आहे.

फक्त गर्दी बघून परत जाऊ नका

याचं मला खरं वाईट वाटतं. हजारो लोक कोपिनेश्वरावरून जातात आणि दारातल्या कमानीचा फोटो काढून पुढे सरकतात. मंदिराची परंपरा शिलाहारांच्या काळापर्यंत नेली जाते. आजचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये उभारलं, म्हणजे साष्टी पोर्तुगीजांकडून घेतल्यानंतरच्या मराठ्यांच्या काळात. गाभाऱ्यातली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा चमकतोच. आवारात इतर देवळं आहेत, त्यांत ब्रह्मदेवाचंही आहे, आणि ते काही गावोगाव सापडत नाही. सणाच्या दिवशी गाभाऱ्याच्या रांगेत उभं राहणं जमत नसेल तर निदान आवारात फेरी मारा. तलावाच्या जवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं. एकाच तळ्याभोवती दोन सत्तांच्या खुणा, आणि मधून आकाशकंदील विकणारे फिरताहेत.

इतिहासाची आवड असणारे मग वेगळी चूक करतात: ‘ठाण्याचा किल्ला’ बघायला निघतात. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच १८१६ मध्ये निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिलं. जागा मोठी आहे, पण कैदी असलेला तुरुंग आहे. हात हलवत आत शिरता येत नाही. तटाच्या भिंतीपुढे मोबाइल उंचावून उभे राहिलात तर हटकतील, आणि ते बरोबरच आहे.

भेटायची जागा, फोन आणि खिसा

‘गडकरीपाशी’, म्हणजे तलावाजवळच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहापाशी, ‘भेटू’ असं सगळेच ठरवतात, म्हणून तिथे कुणी कुणाला सापडत नाही. एवढ्या गर्दीत फोन लागेलच याची खात्री नसते, मेसेज तासाभरानं पोचतो. जागा आणि वेळ घरूनच ठरवा, आणि जागा गर्दीच्या कडेची घ्या. सुभाष पथावरचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यासाठी झकास आहे. १८९३ पासूनची संस्था, कुठल्याही ठाणेकराला विचारलं तर पत्ता सांगेल. मुलांच्या खिशात आईबाबांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाइल बघितला की नंबर आठवतो, असं आपल्या सगळ्यांचं झालंय. मूल हरवलं तर ते काय सांगणार?

फोन गेलाच तर शोधाशोधीत तास घालवू नका. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. मग पोलीस ठाणं. हद्दीच्या वादात पडू नका, चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते आणि नंतर ती योग्य ठिकाणी वर्ग होते. तक्रारीची प्रत घेऊनच उठा, कारण सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट बंद करायला ती लागते. हँडसेटचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, आजच कुठेतरी लिहून ठेवलेला बरा. सोन्याबद्दल काय सांगायचं? ठुशी आजीची असेल तर ती घरी राहू दे.

नवी कोल्हापुरी त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. बस, एवढंच.

पोटाचं

सगळ्यांनाच साडेनऊला भूक लागते आणि सगळ्यांनाच तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ आठवते. रांग बघून रस्ता सोडून दिलेला बरा. जायचंच असेल तर आधी सुरू आहे का विचारा, आणि पहिल्यांदा जात असाल तर ‘तिखट’ म्हणून शौर्य दाखवू नका, कमी तिखटही पुरेसं बोलतं. अनुभवी लोक फराळाचा डबा पिशवीत घालून आणतात आणि तलावाच्या कठड्यापाशी उघडतात. फक्त रिकामे कागद आणि द्रोण घरी न्या. कठड्यावर ठेवलेले वाऱ्यानं थेट पाण्यात जातात.

परतीच्या रिक्षेसाठी राम मारुती रोडच्या तोंडाशी उभे राहणारे अर्धा तास उभेच राहतात, कारण रिक्षा आत येऊच शकत नाही. तीन पेट्रोल पंप किंवा हरिनिवासपर्यंत चालत या, तिथे मिळण्याची शक्यता जास्त. लांब घोडबंदरला जायचं असेल तर उलटं स्टेशनला जाऊन टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस बघा. नऊ ते साडेदहा सोडून निघालात तर बसायलाही मिळेल.