डेटाबेस बदलायला निघालो होतो, पुरली एक रांग

परीक्षेच्या निकालाच्या दुपारी आमची साइट आडवी झाली. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याच्या लॉगमध्ये एकच रड: 'टू मेनी क्लायंट्स', म्हणजे जोडण्या फार झाल्या. लगेच टीममधला एकजण म्हणाला, "रिलेशनल, म्हणजे टेबलांच्या डेटाबेसला ही गर्दी झेपणार नाही, मोंगोवर (टेबलांऐवजी डॉक्युमेंट्स ठेवणाऱ्या डेटाबेसवर) जाऊ." (हे वाक्य दर वर्षी येतं.)

कोणतं कनेक्शन काय करतंय हे दाखवणारं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मी उघडलं. बहुतेक कनेक्शन्स नुसतीच बसलेली, 'आयडल'! पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो आणि मूळ मर्यादा १००. आमचे ८ ॲप सर्व्हर प्रत्येकी २० मागत होते, म्हणजे १६०. मर्यादा ५०० केली, तर मेमरी संपायला लागली. मग मध्ये पीजीबाउन्सर बसवला, म्हणजे थोडी कनेक्शन्स सगळ्यांत वाटून देणारा मध्यस्थ; तोही ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला. आता खरी कनेक्शन्स ३०, बाकीच्या विनंत्या क्षणभर रांगेत थांबतात. एक ठेच मात्र लागली: प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स (कनेक्शनवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) फुटू लागली. या मोडमध्ये ती पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासूनच चालतात, तीही सुरुवातीच्या आवृत्त्यांत सेटिंग चालू केलं तरच.

वाट मोकळी झाल्यावर दुसरं दुखणं दिसलं. आसन क्रमांकावर इंडेक्सच (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) नव्हता, प्रत्येक शोधाला अख्खं टेबल वाचलं जात होतं. 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' चालवलं, त्यामुळे इंडेक्स तयार होताना टेबलातल्या नव्या नोंदी अडल्या नाहीत. मोंगोचा विषय परत कोणी काढला नाही.