पेट्रोलचा कॅन गाडीवर ठेवून भरू नका

जत, आटपाडी, माण, खटावकडे हिवाळ्यात हवा कोरडी पडली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणगीही दिसते. ही स्थिर वीज. एरवी नुसता चटका बसतो, पण फवारणी पंपासाठी पेट्रोल आणताना तीच जिवावर बेतू शकते.

पेट्रोल वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे पाइपातून वाहताना त्यात विजेचा भार साचत जातो. कॅन पिकअपच्या रबरी मॅटवर किंवा दुचाकीच्या सीटवर असेल, तर त्या भाराला जमिनीत उतरायला वाटच नसते. मग नोझल आणि कॅनमध्ये ठिणगी उडते. थंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेऊ शकते.

म्हणून पत्र्याचाच कॅन न्या आणि तो खाली जमिनीवर ठेवायला लावा, मागे कितीही रांग असो. भरेपर्यंत नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं हवं. पाण्याच्या बाटलीत तर पेट्रोल घेऊच नका, प्लास्टिकवरचा भार जमिनीवर ठेवूनही पटकन उतरत नाही. अंगात लोकरी किंवा नायलॉनचं जर्किन असेल, तर कॅन उघडण्याआधी जरा लांबच्या लोखंडी खांबाला उघडा हात लावा.