आकाशातलं अंतर हातानेच मोजा

"चंद्रापासून ५ अंशांवर गुरू" असं वाचलं की ५ अंश म्हणजे नेमकं किती हेच कळत नाही ना? हात पूर्ण ताठ समोर धरा, एक डोळा मिटा, करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं चिकटवली की ५, मूठ १० आणि पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत २० ते २५. कोपर वाकलं की हिशोब बोंबलला. लहान मुलांनाही चालतं, हात आखूड तशी बोटंही बारीक. एकदा सप्तर्षीवर चेक करा, ध्रुव दाखवणारे क्रतू-पुलह हे दोन तारे तीन बोटांच्या किंचित बाहेर येतात. आणि चंद्र फक्त अर्धा अंश, उगवताना भलामोठा वाटतो तेव्हासुद्धा करंगळीआड अख्खा गायब!