महाभियोग, आरोप, ठपका : कोणते क्रियापद कोणासाठी

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १९ डिसेंबर १९९८ रोजी बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचे दोषारोप ठेवले, आणि तरीही ते जानेवारी २००१ मध्ये मुदत संपेपर्यंत अध्यक्षपदावर होते. ज्याला हे वाक्य विसंगत वाटते त्याने महाभियोग म्हणजे हकालपट्टी असा अर्थ मनात धरलेला असतो. प्रत्यक्षात महाभियोग हे उच्चपदस्थावर ठेवलेल्या रीतसर आरोपाचे आणि त्यावरील चौकशीचे नाव आहे; पद जाते की राहते हे नंतर ठरते. क्लिंटन यांना सेनेटने फेब्रुवारी १९९९ मध्ये दोषमुक्त केले. उलट रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या मतदानाआधीच राजीनामा दिला, त्यामुळे ‘निक्सन यांना महाभियोगाने हटवले’ हे विधान दोन्ही अंगांनी चूक ठरते.

या नामाला ‘चालवणे’ हे क्रियापद सर्वांत चांगले शोभते, कारण खटल्याप्रमाणे महाभियोगही एका दिवसात आटोपत नाही. वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर ब्रिटिश संसदेत १७८८ मध्ये सुरू झालेली सुनावणी १७९५ पर्यंत चालली आणि शेवटी ते निर्दोष सुटले. सुरुवात सांगायची असेल तर ‘महाभियोगाचा प्रस्ताव मांडला’ असे लिहावे, पहिला टप्पा पार पडला असेल तर ‘दोषारोप ठेवले’ असे लिहावे, आणि निकालासाठी ‘दोषी ठरवले’ किंवा ‘दोषमुक्त केले’ असा स्पष्ट शब्द वापरावा. ‘महाभियोग मंजूर झाला’ एवढेच लिहिले तर कोणत्या सभागृहात आणि काय मंजूर झाले हे वाचकाला कळत नाही, म्हणून सभागृहाचे नाव लिहिण्याचा कंटाळा करू नये.

भारतात या शब्दाची कक्षा अरुंद आहे. संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदात ही प्रक्रिया राष्ट्रपतींसाठी सांगितली आहे : कारण एकच, संविधानाचा भंग; सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची, निदान चौदा दिवस आधी दिलेली लेखी सूचना; आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी १२४ वा अनुच्छेद ‘पदावरून दूर करणे’ अशी भाषा योजतो. वर्तमानपत्रे तिथेही महाभियोगच लिहितात, आणि मथळ्यापुरते ते चालण्यासारखे आहे. मात्र मजकुरात एकदा तरी ‘पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव’ असे यायला हवे. न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव १९९३ मध्ये लोकसभेत आला, तेव्हा न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांना दोषी मानले होते. तरीही बरेच सदस्य तटस्थ राहिल्याने आवश्यक बहुमत मिळाले नाही. अशा घटनेत ‘समितीने ठपका ठेवला, पण प्रस्ताव फेटाळला गेला’ अशी दोन क्रियापदे लागतात. एकाने भागत नाही.

तहसीलदार, अभियंता किंवा ग्रामसेवक यांच्यासाठी महाभियोग हा शब्द कधीही वापरू नये. तिथे विभागीय चौकशी असते, तिची सुरुवात ‘दोषारोपपत्र बजावणे’ या कृतीने होते, आणि शेवट दोष सिद्ध झाल्यास शिक्षेने होतो. निलंबन ही शिक्षा नव्हे, बडतर्फी ही शिक्षा आहे. या दोहोंची गल्लत झाली की चौकशी संपण्याआधीच माणूस दोषी ठरून बसतो, आणि लिहिणाऱ्याने ती जबाबदारी मनापासून ओळखली पाहिजे. सरपंचाविरुद्ध सदस्य ‘अविश्वास प्रस्ताव’ आणतात. त्यात गुन्हा सिद्ध होणे अभिप्रेत नसते, विश्वास उरला नाही एवढेच म्हटलेले असते.

उरलेल्या जवळच्या शब्दांत वजनाचा फरक आहे. ‘आरोप करणे’ कोणालाही शक्य आहे, अगदी सभेतल्या वक्त्यालाही. ‘आरोप ठेवणे’ यामागे अधिकार लागतो. ‘आरोप निश्चित करणे’ हे न्यायालयाचे काम. ‘ठपका ठेवणे’ हे चौकशी समितीने निष्कर्षाच्या वेळी करायचे, तर ‘ताशेरे ओढणे’ हे न्यायालयाच्या कडक शेऱ्यांसाठी राखावे. ‘अभियोग’ हा जुना शब्द फौजदारी खटल्याच्या अर्थाने अभियोक्ता या पदनामात आजही जिवंत आहे, पण बोलण्यात त्याची जागा ‘खटला’ने घेतली आहे.

विभक्तीकडेही लक्ष असावे. महाभियोग आणि ठपका कोणा‘वर’, प्रस्ताव आणि तक्रार कोणा‘विरुद्ध’. ‘महाभियोग करणे’ ही रचना मराठीत रुळलेली नाही, आणि ‘महाभियोगित अध्यक्ष’ असे विशेषण बनवण्यापेक्षा ‘ज्यांच्यावर महाभियोग चालला ते अध्यक्ष’ असे लांब पण सरळ लिहिणे अधिक बरे.