बंद पडलेल्या लॅपटॉपमधील फाइली कशा काढाव्यात

गोव्यात लॅपटॉप दगावतात ते बहुधा पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे. कधी वीज परत येताना दाब वाढतो, कधी गडगडाट चालू असताना चार्जर जोडलेलाच राहतो, तर किनाऱ्यालगतच्या घरांत खारट, दमट हवेने मदरबोर्ड हळूहळू गंजतो. अशा वेळी पुष्कळदा बोर्ड किंवा त्याचा वीजपुरवठा निकामी होतो आणि डिस्क शाबूत राहते. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी फाइली काढून घेणे चांगले. ते शक्य नसल्यास आपल्याला डेटा हवा आहे आणि डिस्क फॉर्मॅट करू नये, असे दुकानाच्या पावतीवरच लिहून घ्यावे.

प्रथम लॅपटॉप खरोखरच बंद आहे का, ते पाहावे. चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग दुसऱ्या चार्जरने प्रयत्न करावा. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, असे असेल तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. चित्र दिसले, तर पुढील खटाटोपाची गरजच उरत नाही. पाण्यात भिजलेला लॅपटॉप मात्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

डिस्क काढण्यासाठी वीज तोडून मागचे झाकण उघडावे आणि आत सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क असते. तिच्यासाठी साटा ते यूएसबी केबल पुरते. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंग गमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी असते आणि येथे खरेदीत चूक होते, कारण या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई (जोडणीची नवी, वेगवान पद्धत) अशा दोन प्रकारच्या असून त्या यूएसबीने जोडण्याचे बाह्य कव्हर वेगवेगळे मिळते. टोकाला एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. तरीही पट्टीवरील लेबल वाचून, शक्यतो पट्टी सोबत नेऊनच पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात कव्हर घ्यावे. दोन्ही प्रकार चालणारे कव्हर मिळाल्यास थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्यावे. २०१८ व त्यानंतरच्या मॅकबुक मॉडेलांत, तसेच ईएमएमसी ही साठवणीची चिप असलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डालाच डाखलेली असते. तेथे हा मार्ग बंद होतो आणि बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर शोधावा लागतो.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर विंडोज ‘फॉर्मॅट करायचे का’ असे विचारू शकते. त्याला कधीही होकार देऊ नये. कुलूपचिन्ह दिसून बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मागितली गेली, तर ती ४८ अंकी संख्या असते. अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते, म्हणून त्याच खात्यात मोबाइलवरून प्रवेश करून की शोधावी. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर ती तेथील संगणक विभागाकडे असू शकते. की नसेल, तर कोणत्याही दुकानातील सॉफ्टवेअर हे कुलूप उघडू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

फाइली ‘यूजर्स’ या फोल्डरात, आपल्या नावाखाली असतात. परवानगी नसल्याचा संदेश आल्यास ‘कंटिन्यू’ दाबावे. नक्कल करताना क्रम महत्त्वाचा आहे: जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. जमिनीचा फॉर्म एक व चौदाचा उतारा पुन्हा काढता येतो, आजीच्या फुगडीचे चित्रण नाही. डाउनलोड केलेले चित्रपट शेवटी, खरे तर नकोच. नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही.

डिस्क दिसते पण अडखळते, नक्कल मध्येच थांबते, अशा वेळी फोल्डर पुन्हा पुन्हा उघडत बसल्याने ती आणखी खचते. तेव्हा पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजसारखी दुसरी कार्यप्रणाली चालू करून डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, मोठ्या डिस्कवर उतरवावी आणि फाइली त्या प्रतिमेतून शोधाव्यात. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, नंतर बिघडलेल्या भागाकडे वळते, आणि नोंदफाइल ठेवली असेल तर वीज गेल्यावर तेथूनच पुढे सुरू होते. आज्ञा देताना आधी जुन्या डिस्कचे नाव, मग नक्कल कोठे ठेवायची ते. हा क्रम उलटला तर जुनी डिस्कच पुसली जाण्याचा धोका असतो.

फिरणारी डिस्क टकटक आवाज करू लागली, तर तत्काळ वीज काढावी. ती फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. आपल्या दमट हवेत बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरेल, म्हणून तो मुळीच मानू नये. अशी डिस्क घरी उघडू नये, कारण धुळीचा कणही चकतीवर ओरखडा पाडू शकतो. ती क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडेच पाठवावी. पाठवण्यापूर्वी तपासणीचे शुल्क आणि फाइली न मिळाल्यास किती पैसे द्यावे लागतील, हे लेखी घ्यावे.