स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेत टेम्प्लेट आणताना या चुका टाळा

पूर्णांकांची यादी चालू लागली की दशांशांची हवी होते, मग अक्षरमालांची, आणि कंपायलरमध्ये टेम्प्लेट, म्हणजे टाइपची जागा मोकळी ठेवून एकदाच लिहिलेला आणि प्रत्येक टाइपसाठी ज्याची वेगळी प्रत बनते असा कोड, आणायचे ठरते. अशा वेळी घाईत असलेले नवशिके जिथे टाइपची मोकळी जागा दाखवणारा ‘टी’ दिसेल तिथे टाइपचे नाव चिकटवून तो मजकूर पुन्हा पार्स करतात, म्हणजे वाचून त्याची रचना ओळखतात. हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही, कारण मजकूर वापराच्या ठिकाणी उलगडला की टेम्प्लेटमधल्या मदतनीस फंक्शनऐवजी वापरकर्त्याच्या फाइलमधले त्याच नावाचे फंक्शन बिनबोभाट उचलले जाते. टेम्प्लेट एकदाच पार्स करावे, टाइपवर अवलंबून नसलेली नावे त्याच्या मूळ ठिकाणीच पक्की करावीत आणि प्रत काढायची ती सिंटॅक्स ट्रीची, म्हणजे पार्स करून मिळालेल्या रचनेची काढावी.

याहून घातक चूक म्हणजे तयार झालेल्या प्रती टाइपच्या नावाने ओळखणे. ती मी स्वतः केली आहे. माझ्या कंपायलरच्या कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रतींच्या साठ्यात, ‘यादी<नोड>’ ही अक्षरमालाच किल्ली होती आणि सगळ्या चाचण्या पास होत होत्या. पुढे एका प्रोग्राममध्ये दोन मॉड्यूलांत नोड नावाचे दोन निराळे स्ट्रक्ट आले, एक 16 बाइटचा आणि दुसरा 24 बाइटचा. कंपायलरने पहिल्यासाठी बनवलेली प्रत दुसऱ्यालाही देऊन टाकली. मोठ्या नोडमधला शेवटचा पॉइंटर वाचायला जावे, तर हाती पुढच्या नोडचा पहिला आकडा यायचा. तीन दिवस मी मेमरी अ‍ॅलोकेटर तपासत होतो. अखेर असेंब्ली उघडली, तेव्हा निर्देशांक 4 बिट डावीकडे सरकवलेला, म्हणजे 16 ने गुणलेला दिसला. तिथे गुणाकार 24 ने व्हायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येक टाइपसाठी कंपायलरमध्ये एकच ऑब्जेक्ट ठेवतो, टाइपची टोपणनावे आधी उलगडतो आणि किल्लीत त्या ऑब्जेक्टचा पत्ता घालतो. टोपणनावे तशीच राहिली तर उलटा घोटाळा होतो: एकाच टाइपच्या दोन प्रती बनतात आणि एकच असायला हवे ते त्यांतले स्टॅटिक व्हेरिएबलही दोन होतात.

प्रतीची नोंद तिची बॉडी कंपाइल करण्यापूर्वीच कॅशमध्ये करावी, नाहीतर स्वतःलाच बोलावणारे फंक्शन कंपायलरला कधीच थांबू देत नाही. यादीची यादी, तिची पुन्हा यादी अशी वाढत जाणारी साखळी मात्र कॅशने थांबत नाही. तिच्यासाठी खोलीची मर्यादा लागतेच, आणि जीसीसी या सी++ कंपायलरमध्ये ती आपण बदलली नाही तर 900 असते.

दोन फाइलींत तीच प्रत निर्माण झाली की कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर दुहेरी व्याख्येची तक्रार करतो, म्हणून अशा प्रतींना वीक सिम्बॉल करावे, म्हणजे लिंकर त्यांतली एकच ठेवतो.

कोनी कंस निवडण्यापूर्वी थांबून विचार करावा: ‘>>’ हे चिन्ह उजवीकडे सरकवण्याचे की दोन कंस मिटवण्याचे, हा गोंधळ सी++ मध्ये 2011 च्या मानकापर्यंत राहिला आणि तोवर लोक मध्ये मोकळी जागा सोडत होते. डी भाषेने उद्गारचिन्ह आणि साधे कंस घेतले, तीच निवड मला शहाणपणाची वाटते.

त्रुटीचा संदेश देताना टेम्प्लेटमधल्या ओळीबरोबर ती प्रत कोणत्या ओळीने, कोणत्या टाइपसाठी मागितली हेही छापावे. हे काम शेवटी करू म्हणून पुढे ढकलू नये. मी आता पहिली प्रत बनण्याआधीच ही साखळी जपणारी स्टॅक लिहून ठेवतो.